मी कमलबाईंजवळ बसले नाही

"सिस्टर, तुमचा स्पुटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले.

स्पुटम म्हणजे थुंकी. माझ्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. धुळ्याच्या त्या मिशन दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स होते, त्यांतली चार टीबी वॉर्डात. हेच वाक्य मी कितीतरी जणींना उभ्याउभ्या सांगितलं होतं.

महिनाभर संध्याकाळी अंगात कणकण असायची. दगदग झाली असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं.

"उद्यापासून ड्यूटी नाही. वॉर्डात भरती व्हायचं," डॉक्टर म्हणाले. त्या क्षणी मला आठवल्या त्या कमलबाई.

कमलबाई अमळनेरजवळच्या खेड्यातल्या. आदल्या वर्षी नवरा त्यांना दवाखान्यात सोडून शेतीच्या कामाला परत गेला होता. मी रोज सकाळी वॉर्डात मोठ्यानं प्रार्थना म्हणत असे. एकदा प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी त्यांच्या हातात येशूच्या गोष्टींची पुस्तिका ठेवली.

"माले वाचता येत नही, सिस्टरबाई. तुम्ही जरासं मन्हा जोडे बसा ना."

"प्रत्येकीजवळ बसत राहिले तर कामं कोण करणार?" मी म्हणाले.

खरं सांगते, त्या दिवशी काम फारसं नव्हतं. मला त्यांच्या खोकल्याची भीती वाटत होती.

दोन महिन्यांनी त्या औषधं अर्ध्यावर टाकून घरी गेल्या. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'न सांगता गेली.'

आता मी त्याच वॉर्डात होते. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, म्हणजे जंतू मारणारी सुई, आणि सोबत मूठभर गोळ्या. गोळ्यांनी पोटात ढवळून यायचं. माझ्या बरोबरीच्या नर्सेस दारातूनच विचारपूस करायच्या. चॅपेलमधल्या प्रार्थनेत माझं नाव घेतलेलं मला खिडकीतून ऐकू यायचं. मला राग आला नाही. मीही तेवढंच करत आले होते.

जवळ यायच्या त्या रत्नाअक्का, आमच्या वॉर्डातल्या आया. चर्चमध्ये त्या शेवटच्या ओळीत बसायच्या आणि कधी तोंड उघडायच्या नाहीत. त्यांनी माझं अंग पुसलं, केस विंचरले, ओकारीच्या वेळी भांडं धरलं.

"अक्का, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुम्ही एकट्याच ओकत बसाल, ते देवाला बरं वाटेल का?"

मी विचारलं, "कमलबाईंजवळही बसायच्या तुम्ही?"

"बसायचे. पण तिला तुम्हीच पाहिजे होत्या. गोळ्या किती महिने घ्यायच्या, हे तिला विचारायचं होतं. मला कुठं ते सांगता येतं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिल्या.

तिसऱ्या महिन्यात थुंकी स्वच्छ आली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी एस.टी.नं अमळनेरला गेले आणि विचारत विचारत त्या खेड्यात पोचले. कमलबाई ओट्यावर बसून धापा टाकत होत्या. खोकला थांबला, म्हणजे आजार गेला, असं समजून त्या घरी आल्या होत्या.

नवऱ्याला समजावून मी त्यांना धुळ्याला आणलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "उजवं फुप्फुस जवळपास गेलंय. औषध मध्ये थांबायला नको होतं."

त्या दिवशी मी कमलबाईंच्या कॉटवर बसले आणि सगळं सांगितलं. मला वेळ होता, मी भ्याले होते, हेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माले वाटनं, मन्हंच काही चुकनं."

त्यांनी मला बोल लावला असता तर सोपं गेलं असतं.

कमलबाई वाचल्या. पण शेतात पुन्हा जाऊ शकल्या नाहीत.

तुमच्यापैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या सोडू नका. आणि शंका असेल तर विचारा, समोरची नर्स घाईत दिसली तरी विचारा. माझ्यासारख्या नर्सेसना एवढंच सांगेन, की आधी पेशंटजवळ बसा, तिचं ऐका; येशूचं प्रेम तिला आपल्या तोंडून नंतर कळलं तरी चालतं.

मी बरी झाले, याबद्दल देवाचे आभार रोज मानते. कमलबाई तपासणीला येतात तेव्हा मी त्यांना आणायला स्टँडवर जाते. दर दहा पावलांवर त्या दम घ्यायला थांबतात. तेव्हा त्यांच्याकडे बघणं मला अजून जमत नाही.