मुलीचे लेमूर आणि माझी विहीण

मुलीच्या बाळंतपणाला मी सिडनीला, वेस्टमीडला पोचले तेव्हा जावयाची आई आधीच तिथे येऊन बसली होती. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईनं करायचं असतं. ही रीत तिला माहीत नव्हती असं नाही. म्हणाली, "अहो विहीणबाई, मी आपली नातवाचं तोंड बघून परत जाणार." मग करोना आला, विमानं बंद झाली, आणि आम्ही दोघी दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत अडकलो. ती खिडकीकडे, मी भिंतीकडे. ती घोरायची नाही, याचाही मला राग यायचा.

माझी मुलगी लेमूरचा अभ्यास करते. मादागास्कर नावाचं बेट आहे. तिथल्या रानात मुठीत मावेल एवढा प्राणी असतो, मोठ्या डोळ्यांचा, लांब शेपटीचा. दिसतो उंदीर, पण आहे माकडाच्या, म्हणजे आपल्याच कुळातला. दिवसा झोपतो, रात्री हिंडून किडे, फळं, झाडाचा डिंक खातो. मुलगी तिथे तंबूत राहून आलेली. आता जाता येत नव्हतं, म्हणून कॅमेऱ्यांनी टिपलेलं जे हाताशी होतं त्यावरच प्रबंध पुरा करायचा होता. रानातली रात्र ती भर दुपारी सोफ्यावर बसून बघायची. मांडीवर बाळ, पुढ्यात लॅपटॉप.

आणि शेजारी कोण, तर विहीणबाई. शाळेत शिक्षिका होती. चष्मा लावून विचारायची, "पण हे त्या बेटावर आलेच कसे गं?"

"वाहून आले, आई. फार फार पूर्वी, आफ्रिकेतून. वादळात उन्मळलेली झाडं समुद्रात गेली, त्यांना धरून थोडे आले असतील. परतीची वाट नाही. मग तिथेच वाढले, आणि त्या मूठभरांपासून लेमूरच्या एवढ्या सगळ्या जाती झाल्या."

"म्हणजे आमच्यासारखेच अडकले म्हण की!"

दोघी हसल्या. मी ओट्याशी लाडवांसाठी डिंक तळत होते. हा विनोद मलाही सुचला असता, पण आधी मला कोणी ती गोष्ट सांगायला हवी. मी चौथी शिकले. मुलीला वाटतं, आईला काय कळणार. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण पोटच्या पोरीला विचारायला जायचं, ते का?

बाळाचं न्हाणं मात्र माझ्याकडे होतं. विहिणीचे गुडघे धरलेले, तिला खाली बसता यायचं नाही. मी पाय लांब करून त्यावर बाळ घ्यायची, तेल चोळायची, पाणी घालायची. ती दारात उभी राहून म्हणायची, "किती हलका हात आहे हो तुमचा!" कौतुक करणाऱ्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून राग आणखी वाढतो.

पुढे अडकलेल्यांसाठी थोडी विमानं सुटायला लागली. जावई घरूनच काम करायचा, कधी जेवायच्या टेबलावर, कधी पलंगावर. एकदा तो मुलीला सांगत होता ते मी ऐकलं. "दोघींपैकी एकीनं थांबावं. दुसरी गेली की त्या खोलीत माझं टेबल लागेल."

मुलगी "बघू" म्हणाली. कोण थांबेल ते बोलली नाही. मला थांबायचं होतं. आणि विहिणीनं थांबू नये, हे त्याहून जास्त वाटत होतं.

त्याच आठवड्यात बाळाला सर्दी झाली. न्हाण्यानंतर धुरी द्यावी म्हणून मी नारळाची करवंटी गॅसवर पेटवली, जुन्या तव्यात निखारे केले, वर ओवा आणि लसणीची सालं टाकली. बाळाला दुपट्यात घेऊन तव्याजवळ येते तोच छताचं यंत्र कोकलायला लागलं. मागोमाग सगळी इमारत. मुलगी धावत आली. बाळ माझ्या हातातून घेतलं ते विहिणीच्या हातात दिलं, आणि आत जाऊन लेमूरची हार्ड डिस्क उराशी धरून आली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आई, तो तवा विझव!"

खाली कार पार्कमध्ये सगळे मास्क लावून लांब लांब उभे राहिले. बंब आला. विहीण बाळाला घेऊन पुढे झाली आणि इंग्रजीत त्या माणसाशी बोलली, सॉरी म्हणाली. तो हसला, म्हणाला, "नो वरीज." चूक माझी, आणि माफीसुद्धा तिनंच मागितली.

वर आल्यावर मुलगी चिडली. "धूर करू नको म्हणून किती वेळा सांगितलं, आई!"

"असू दे गं," विहीण म्हणाली. "माझ्या सासूबाईंनीही तुझ्या नवऱ्याला धुरी दिली होती."

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हणाले. "माझी मुलगी मला बोलतेय, बोलू दे."

मग मुलगी थकून सोफ्यावर बसली. "आई, एकाच रानात दोन जातींचे लेमूर राहतात. बघायला सारखे, खाणंही बरंचसं सारखं. पण एक झाडाच्या ढोलीत झोपते, दुसरी पानांच्या जाळीत. म्हणून त्यांचं जमतं."

"ढोली पुष्कळ असतात का?"

"नाही. चांगल्या ढोली कमीच."

"मग इथली कोणाला देणार आहेस, ते सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे. मी वाट बघत होते. तोंड उघडलं ते विहिणीनं.

"मी जाते. मला तसंही खाली बसता येत नाही, बाळाचं करणार काय?"

मुलगी "आई, असं नका म्हणू" म्हणाली. पण थांबा म्हणाली नाही. जागा मला मिळाली, पण मुलीनं दिली नाही, विहिणीनं दिली.

ती पुण्याला आपल्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी मी मुलीशेजारी सोफ्यावर बसले. तिनं न विचारता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक मादी पिल्लू तोंडात धरून फांदीवर आली, त्याला पानांत ठेवलं आणि खायला निघून गेली.

"एकटं टाकून?"

"येते परत."

"नाही आली तर? घुबडानं तिला नेलं तर?"

"ढोलीतली दुसरी पाजते त्याला. एका ढोलीतल्या बायका नात्यातल्याच असतात. बहीण, मावशी, आई."

"सासू नसते ना?"

मुलगी इतकी हसली की बाळ दचकलं. किती दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसली असेल. डोळे पुसत तिनं फोन उचलला, पुण्याला लावला, आणि हसत हसत म्हणाली, "अहो आई, ऐका, आई आत्ता काय म्हणाली माहितीये?"