येऊ द्या, दाजी

"काय मेवणं, उजवीकडनं काय म्हंतंय?"

दाजी हा प्रश्न शेजारच्या रिकाम्या सीटला विचारायचे. विचारून झालं की कमरेतून वाकायचे, उजवा आरसा बघायचे, मान लांबवून पलीकडच्या दाराच्या काचेतून खाली चाकापाशी बघायचे आणि मग किनऱ्या, नाकातल्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचे, "येऊ द्या दाजी, येऊ द्या!" एवढा संवाद झाल्याशिवाय त्यांचा ट्रेलर कधी उजवीकडे वळला नाही.

दुबईत जबल अलीच्या आमच्या यार्डात त्यांना नावानं कोणीच हाक मारत नसे. पठाण, नेपाळी, पंजाबी, सगळ्यांचे ते दाजीच. आमचा मल्याळी मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कंपनीची कामं करणारा, त्याला तर ते त्यांचं आडनाव वाटायचं. मी तिथल्या ऑफिसात गाड्यांचे विमे आणि अपघातांचे कागद बघत असे. राहायला शारजात, रोल्ल्याला. आखातात राहून आलेल्यांपैकी कोणी असा माणूस पाहिला असेल तर मला जरूर सांगा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला दटावलं होतं. गेटपासचे कागद द्यायला मी केबिनच्या पायरीवर चढले आणि हातातली फाइल सहज शेजारच्या सीटवर टेकवली. सीटवर एक चौकड्यांचा टॉवेल नीट पसरलेला होता.

"ताई, तितं नगं. जागा धरलीया."

एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. दुबईच्या ट्रेलरमध्ये टॉवेल टाकून जागा धरणारा हा पहिलाच.

"कुणासाठी?"

"मेवण्यासाठी," ते म्हणाले, आणि माझी फाइल त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.

हा मेव्हणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कराडकडच्या एका गावातला. दाजींनी गावाकडे ट्रक चालवला तेवढी सगळी वर्षं हा त्यांचा क्लीनर होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, क्लीनर डावीकडे. डावी बाजू बघायची ती त्यानं. तो दाराबाहेर हात काढून पत्र्यावर थाप मारणार, "येऊ द्या" म्हणणार, आणि ड्रायव्हर डोळे झाकून गाडी घालणार. इथे आल्यावर सगळंच उलटं. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा आणि क्लीनर ही जातच नाही. ड्रायव्हर एकटा. वीस वर्षं जी बाजू दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितली ती आता आपणच बघायची, हे डोक्याला कळतं, मानेला कळत नाही. नव्यानं आलेल्या ड्रायव्हरांच्या गाड्यांचे कागद माझ्या टेबलावर यायचे तेव्हा मी न वाचताच सांगत असे, उजवी बाजू चेपली असणार. बहुतेक वेळा तसंच निघायचं.

दाजींनी त्यावर हा तोडगा काढला होता. मान आपोआप वळत नाही, पण कुणी विचारलं तर वळते. म्हणून विचारायचं. नव्या माणसाला ते सांगायचे, "एक मेवणा ठिवा शेजारी." मग कुणी भाऊ ठेवला, एका पंजाब्यानं बायको ठेवली आणि तिच्याशी त्याचं भांडण व्हायला लागलं. यार्डातला पठाण ड्रायव्हर खान मात्र ऐकेना. "हम तो सिर्फ अल्लाह से पूछता है," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"पूछो खानसाब, जरूर पूछो," दाजी म्हणाले. "लेकिन मुंडी घुमाके."

मी स्वतः तेव्हा ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये नापास होऊन होऊन रडकुंडीला आले होते. प्रत्येक वेळी तेच कारण, उजवीकडे बघितलं नाही. दाजींनी विचारलं, "तुमी कुणाला बशिवलंय?" मला भाऊ नाही. "मग बहीण हाय न्हवं?" पुढच्या टेस्टला मी नाशिकच्या माझ्या बहिणीला मनातल्या मनात शेजारी बसवलं. प्रत्यक्षात तिथे पोलीसखात्यातली परीक्षक बाई बसली होती, पण माझा नाइलाज होता. पास झाले. दाजींना पेढे दिले तर म्हणाले, "एक बहिणीला धाडा."

पण त्यांचा मेव्हणा नुसता डोळ्यांपुरता नव्हता. ते इकडे आले तेव्हा त्यांनी त्याला शब्द दिला होता, तुम्हालाही बोलावतो म्हणून. व्हिसा एकाचाच आला होता. क्लीनर म्हणून कोणी बोलावणार नाही हे इथे आल्यावर कळलं. तेव्हापासून ते प्रत्येक मॅनेजराच्या मागे लागले होते. अखेर दोन हजार आठच्या तेजीत, माणसं मिळेनाशी झाली तेव्हा, गोदामात हेल्पर म्हणून मेव्हण्याच्या व्हिसाचा अर्ज गेला. मंदूब म्हणाला, "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ." दाजींनी टॉवेल धुऊन वाळवून पुन्हा सीटवर पसरला. दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटले. त्या दिवशी ते वळणावर मेव्हण्याला विचारायचे तेव्हा नवरदेवाला विचारल्यासारखे विचारत होते.

आणि मग मंदी आली. त्या वर्षाबद्दल इतकं बोललं गेलं आहे की मी नव्यानं काय सांगू? आमच्या यार्डात ट्रेलर ओळीनं उभे राहिले, काचांवर रेती बसली. कॅम्पमधल्या खाटा रिकाम्या होत गेल्या. आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं निरोप न घेता गेली. मंदूबानं दाजींच्या समोर हात झटकले. "व्हिसा सब बंद. खलास."

"थोडं थांबायला सांगतो त्येला," दाजी म्हणाले. टॉवेल सीटवर तसाच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात तो अपघात झाला. भरदिवसा, एका गोदामाच्या गेटातून बाहेर पडताना. दाजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, बघितलं, "येऊ द्या" झालं आणि गाडी वळायला लागली. तेवढ्यात ट्रेलर आणि कठडा यांच्या मधल्या फटीतून एक बंगाली कामगार सायकल घालून पुढे जायला बघत होता. दाजींनी ब्रेक मारला, पण सायकल पुढच्या चाकाला लागलीच. त्याच्या पायाचं हाड मोडलं. जीव वाचला हे नशीब.

खरी भानगड पुढेच. गेटवरच्या वॉचमननं पोलिसांना सांगितलं, केबिनमध्ये दोघं बोलत होते, मी दोन आवाज ऐकले. मग दुसरा गेला कुठे? पोलिसांनी दाजींना विचारलं, सोबत कोण होतं? घाबरलेल्या दाजींच्या तोंडून निघून गेलं, "मेवणा." कंपनीत चौकशी झाली तर खरंच मेव्हण्याच्या नावाचा व्हिसाचा अर्ज निघाला. झालं! नोकरी गेलेली कितीतरी माणसं त्या दिवसांत बिनकागदाची लपून राहत होती. खल्लीवल्ली म्हणायचे त्यांना. पोलिसांचा हिशोब सरळ होता. यानं मेव्हण्याला कसाबसा आणला, गाडीत लपवून फिरवलं आणि अपघात होताच पळवून लावलं. मोडलेल्या पायाचं प्रकरण एक वेळ दंडावर मिटलं असतं. पण माणूस लपवल्याचं सिद्ध झालं असतं तर दाजींना तुरुंग होता, आणि सुटल्यावर थेट विमान.

वाहतुकीच्या सरकारी वकिलासमोर उभं करायचं ठरलं तेव्हा मंदूब माझ्याकडे आला. "मॅडम, ये मेवणा का मॅटर मेरे को समझता नहीं. आप चलो."

सरकारी वकील तरुण होता, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातला, थकल्यासारखा दिसणारा. दुभाष्या हैदराबादचा. मी हिंदीत सगळं सांगितलं. आमच्याकडे क्लीनर असतो, इथे नसतो, म्हणून हा माणूस रिकाम्या सीटशी बोलतो आणि उत्तरही स्वतःच देतो. बोलताना मलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. वकिलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, करून दाखवायला सांगा.

दाजी खुर्चीवर बसले. शिपायानं उजवीकडे दुसरी रिकामी खुर्ची आणून ठेवली. दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"काय मेवणं," ते म्हणाले. मग वाकले, मान लांबवली, खुर्चीपलीकडच्या फरशीकडे बघितलं आणि त्या किनऱ्या आवाजात म्हणाले, "येऊ द्या दाजी, येऊ द्या."

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. वकील हसला नाही. त्यानं विचारलं आणि दुभाष्यानं हिंदीत सांगितलं, "साब पूछ रहे, वो आदमी गाडी में था क्या? हाँ या ना बोलो."

दाजींनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. एवढ्या एका शब्दावर त्यांची सुटका होती आणि तो त्यांच्या ओठांवर येत नव्हता. मला भीती वाटली, हा माणूस आता हो म्हणतो की काय.

"कोई नहीं था साब," ते शेवटी म्हणाले. "सीट खाली थी."

जबाब अरबीत लिहिला गेला. दुभाष्यानं वाचून दाखवला. गाडीत मी एकटाच होतो, माझा मेव्हणा या देशात कधी आलेला नाही. दाजींनी सही केली. पडल्या जागेवरून केबिनकडे एकटक बघत होतो, आत एकच माणूस होता, असं त्या सायकलवाल्यानंही सांगितलं. भला माणूस. प्रकरण दंडावर मिटलं. मंदूबानं सगळ्यांना करक, म्हणजे दुधाचा कडक चहा पाजला आणि "यल्ला दाजी, खलास!" म्हणून पाठीवर थाप मारली. मला तर हसू आणि रडू एकदमच येत होतं. दाजींनी चहा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कागद द्यायला केबिनवर चढले तर सीटवर टॉवेल नव्हता. घडी करून मागे ठेवलेला.

काही दिवसांनी त्यांच्या गाडीची उजवी बाजू गेटच्या खांबाला घासली. मग आरसा फुटला. दाजींच्या गाडीचे कागद माझ्या टेबलावर! मी खाली जाऊन त्यांना गाठलंच.

"दाजी, विचारत नाही का आता?"

"सही केलीया न्हवं ताई. कोण न्हाई म्हणून."

"अहो, ती सही त्यांच्यासाठी. तुम्हाला काय त्याचं?"

"सही ती सहीच आसती," ते म्हणाले. "ज्येला न्हाई म्हणलं, त्येला कुठल्या तोंडानं इचारू?"

"मग विचारू नका, नुसतं बघा!"

त्यांनी मानेवर हात ठेवला. "वळत न्हाई ताई. बोलल्याबिगर वळतच न्हाई." मग म्हणाले, "त्या पोराचं हाडावरच भागलं. पुढल्याचं तसं व्हईल कशावरनं? त्याच्या आधी घरी गेल्यालं बरं."

लोक नोकरी टिकवण्यासाठी हातापाया पडत होते त्या दिवसांत दाजींनी स्वतःहून व्हिसा रद्द करायचा अर्ज दिला. मॅनेजरला वाटलं, गावाकडे काहीतरी मोठं घबाड मिळालंय. मी भांडले त्यांच्याशी. वेडेपणा करताय, असं मी म्हटलं. त्यांना ते पटत होतं, आणि तरी ते जाणार होते. निघायच्या दिवशी ऑफिसात भेटायला आले तेव्हा तो चौकड्यांचा टॉवेल खांद्यावर होता.

"ह्यो नेतो," म्हणाले. "आता तिकडं धरतो जागा."

ते गेले आणि यार्डात उजव्या वळणावर शांतता झाली. खान तेवढा अजून मान वळवून विचारत असे. मला त्यांची फार आठवण यायची. इतकी का, ते मला सांगता येणार नाही. घरच्यांनाही नवल वाटायचं.

मग पुढच्या पावसाळ्यानंतर कधीतरी त्यांचा फोन आला. मी रोल्ल्याच्या घरात ओट्याशी पोळ्या करत होते. त्यांनी जुना टेम्पो घेतला होता, भाजी वाहत होते. माझी, मुलीची, खानची, मंदूबाची, सगळ्यांची चौकशी करून झाली. मग म्हणाले, "जरा दम धरा ताई. बोळात गाडी मागं घ्यायचीया. फोन ठेवतो सीटवर, टावेलावर. बंद करू नगा."

फोन ठेवल्याचा मऊ आवाज आला. इंजिन घरघरलं. मग दाजींची ओळखीची हाक. "काय मेवणं, काय म्हंतंय?"

गाडीबाहेरून, लांबून, पत्र्यावर दोन थापा पडल्या. आणि एक जाड, घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज आला.

"येऊ द्या दाजी. येऊ द्या. येऊ द्या."

इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखत होते. त्याच्यासाठी सरकारी वकिलासमोर उभी राहिले होते. आणि त्याचा आवाज किनरा नव्हताच मुळी. दाजींनी तो कुठून आणला होता कोण जाणे!

"थांबा!" तो आवाज म्हणाला. इंजिन थांबलं.

तव्यावरची पोळी करपली. फोन कानाला धरून मी उजवीकडे मान वळवून उभी होते. माझी मुलगी दारात येऊन म्हणाली, "ममा, हू इज देअर?"

"दाजींचा मेव्हणा," मी म्हटलं.