माइक चालू असताना

आमच्या बस स्टँडवर त्यांना सगळे कृपयाताई म्हणत. प्रत्येक घोषणा 'कृपया लक्ष द्या'ने सुरू करायची हा खात्याचा नियम, आणि तो त्या घरीही पाळत असणार अशी आमची थट्टा. 'कृपया लक्ष द्या, जेवण फलाट क्रमांक दोनवर लागले आहे.'

एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कंट्रोलर म्हणून बसलो. गाडी आली की मी चिठ्ठी सरकवायची, त्यांनी वाचायची. काचेची केबिन, एक टेबल, आणि घोषणेपुरता बंद करायचा एक खडखडणारा पंखा. ताईंचा एकच हट्ट होता. माइकवर खराब आवाज जाता कामा नये. सर्दी झाली की त्या मला बोलायला लावत आणि मी बोललो की तोंड वाकडं करत.

मग त्यांच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ आली. ऑपरेशन अगदी साधं, तिसऱ्या दिवशी घरी, असं सर्जन म्हणाले. तिसऱ्या दिवशी ताई घरी आल्या खऱ्या, पण आवाज गेलेला. पंक्चर ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी तोंडातून येई. सर्जनने आधी पंधरा दिवस सांगितले, मग दोन महिने, मग भेटणंच बंद केलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. डावीकडचा स्वरतंतू हलतच नव्हता. त्याची नस ऑपरेशनमध्ये कापली गेली असावी, असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन ताई सर्जनकडे गेल्या, सोबत मी. सर्जनने कागदाची घडीसुद्धा उलगडली नाही.

"तुमचा आवाज मुळातच बसका असेल," ते म्हणाले. "तुमच्या लक्षात आलं नसेल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या बाईच्या आवाजावर रोज शेकडो माणसं आपापली गाडी पकडत, तिला हे ऐकवायचं. ताई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बोलू शकल्या नाहीत.

खात्याने त्यांना पार्सलच्या खोलीत टाकलं. घरी यजमान एका कानाने अधू, त्यामुळे नवराबायकोचं बोलणंच संपलं. त्या पेल्यावर चमचा वाजवत आणि ते बिचारे उठून जवळ येत.

त्यांनी दावा लावला तो सर्जनच्या त्या एका वाक्यासाठी. मला चांगला आवाज होता आणि तो या डॉक्टरने घालवला, एवढं कुणीतरी सही करून कागदावर लिहावं, बाकी काही नको, असं त्यांनी आपल्या वकिलीणबाईंना पाटीवर लिहून दाखवलं होतं. दोन वर्षं नुसत्या तारखा पडल्या. तोवर जीव काढून जोर लावला की ताईंचे चार शब्द कसेबसे फुटू लागले होते. हॉस्पिटलने कानावर हात ठेवले. ऑपरेशनच्या नोंदीत 'नस सुरक्षित' असं लिहिलेलं, आणि संमतीपत्रावर ताईंची सही, भूल देण्याआधी अर्धा तास घेतलेली. शेवटी कोर्टाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. तिच्या अहवालावर सगळं ठरणार होतं.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी वकिलीणबाईंनी बजावून सांगितलं, की जसं बोलता येतं तसंच बोला, सांभाळून घेऊ नका, आवाज फाटला तर फाटू द्या. ताईंनी मान हलवली.

समितीने आधी घसा तपासला, मग ताईंना टेबलाशी बसवून वाचायला एक कागद दिला. रेकॉर्डिंगसाठी माइक होता. मी मागच्या बाकावर. कारकुनाने बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि ताईंची पाठ ताठ झाली. मला तेव्हाच धस्स झालं. त्यांनी माइक जवळ ओढला आणि श्वासाची फुसफुस आत जाऊ नये म्हणून किंचित तिरपा केला. कुठे दम घ्यायचा ते कागदावर बोट फिरवून ठरवलं. मग वाचलं. आठ ओळी. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पण स्पीकरमधून आवाज आला तो हळू, जरासा घोगरा आणि स्वच्छ. मी मात्र तिथे मूग गिळून बसलो. समितीचे अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, छान वाचलंत.

त्यानंतर चार दिवस त्यांच्या घशातून शब्द फुटला नाही. पाण्याच्या घोटानेही ठसका लागायचा. पाचव्या दिवशी पार्सलच्या खोलीत जाऊन मी रागानेच विचारलं, "ताई, असं का केलंत?"

"माइक चालू होता रे," त्या कुजबुजल्या.

अहवाल आला. स्वरतंतूची हालचाल मंद, पण ही ज्ञात गुंतागुंत आहे. वाणी स्पष्ट व श्रवणीय. व्यवसायास बाधा नाही. दावा फेटाळला गेला. खरं सांगतो, 'स्पष्ट व श्रवणीय' हे शब्द ताईंनी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. मला त्यांचा संताप आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्या रेकॉर्डिंगपुढे अपील टिकणार नाही, असं वकिलीणबाई म्हणाल्या. अपिलाची तीस दिवसांची मुदत तशीच गेली.

मग तोच अहवाल आमच्या खात्याने वाचला. व्यवसायास बाधा नाही ना, मग घोषणेला माणूस कमी आहे, या परत. लेखी आदेश निघाला.

सोमवारी सकाळी ताई केबिनमध्ये आल्या. नीट इस्त्रीची साडी, पाण्याची बाटली. त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला. पहिली घोषणा निभावली. दुसरीत शेवटचे दोन शब्द गळाले. तिसरीत 'कृपया' म्हणतानाच आवाज चिरकला, पुढे नुसती हवा. काचेपलीकडे बाकावरच्या कुणीतरी तसाच चिरका आवाज काढून दाखवला आणि सगळी रांग हसली.

ताईंनी बटण बंद केलं. मग माझ्याकडे वळून, ओठ हलवत, मला कळेल इतपतच त्या बोलल्या.

"आता तरी लिहितील का रे कुणी?"

मुदत संपून नऊ दिवस झाले होते. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली, माइक माझ्याकडे ओढला, बटण दाबलं आणि गाडीचा नंबर वाचला.