बैलाच्या कानात

आमच्या आठवडी बाजारात लिंबाखाली एकजण बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकतो. मालकाशी लई बोलत न्हाय, आडव्या पाडलेल्या बैलाच्या कानात मातुर म्हणतो, "झालं की रं, दादा."

मी माजा म्हातारा बैल इकायला न्हेला. टक्कल झाकायला मी टोपी घालतो, तशी त्येची शिंगं रंगवली हुती. म्हणलं, "नव्या पत्र्या मार गड्या, तरणा दिसंल."

त्यानं खूर चोळत इचारलं, "किती वर्सं औत वढलं ह्यानं?"

"बारा."

मग बैलाच्या कानात बोलला, "मालक इकतुय तुला." आन् गुमान पत्र्या ठोकल्या. दुपारच्या आत बैल गिऱ्हाइकासंगं गेला.

आता नवा बैल न्हेला, की त्येच्या कानात तो बराच येळ बोलतो. बाजारभर थट्टा करत हिंडणारा मी, पर काय सांगतुयस ते इचारायची छाती हुत न्हाय. बैल उठतो, आन् पयलं माज्याकडं बगतो.