बिभीषणानं घेतलेली डोळ्यांची परीक्षा

बिभीषणानं विमान पाहिलं ते थेट आतून. त्याआधी त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सोलापूरहून गावी सांगोल्याला, तोही स्वतःच्याच रिक्षातून. पण परदेशातून परतल्यावर सात रस्त्याच्या रिक्षा स्टॉपवर तो असा बोलायचा, जणू विमान वाटेत बंद पडलं आणि यानंच उतरून चालू करून दिलं.

गेला होता तो लेकीसाठी. आठ वर्षांच्या संस्कृतीची नजर हळूहळू विझत गेली होती. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बिभीषणानं मोबाईलवर परदेशातल्या स्टेम सेल उपचाराची जाहिरात शोधली आणि सांगोल्यातली आपल्या वाट्याची मेंढरं विकून टाकली. तिकडच्या डॉक्टरांनी पोरीच्या पाठीत सुई दिली आणि सांगितलं, "हा प्रयोग आहे, खात्री नाही. फरक वाटला तरच दुसऱ्या सुईला या." दुभाष्यानं सगळं नीट समजावलं, बिभीषणानं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

मग घरात परीक्षा सुरू झाल्या. बोर्डानंही कुणाच्या इतक्या घेतल्या नसतील.

"पोरी, माझा शर्ट कंच्या रंगाचा?"

"खाकी."

बिभीषण खूश! रिक्षावाल्याचा शर्ट खाकी असतो, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण उत्तर देताना पोरीची नजर त्याच्या चेहऱ्यावर नसे. ती खांद्यावरून मागं जाई, तिथं कुणी उभं असल्यासारखी. बिभीषण हसता हसता मागं वळून बघे. मागं भिंत असे. पुढं पुढं रिकाम्या रिक्षातही तो वळून मागची सीट बघायला लागला.

इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काहीही फरक नाही. "मशिनीला काय कळतंय?" म्हणत त्यानं पोरीला सांगोल्याला नेलं, भावाच्या मेंढरांत. आता घराण्याची परीक्षा.

सांजेला मेंढ्या रानातून परतल्या. दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं ज्याच्या त्याच्या आईला प्यायला लावायची, हे तिथं पोरांचं काम. परकं कोकरू आलं तर मेंढी ढुशी मारून उडवते. संस्कृतीनं एकेक कोकरू उचललं आणि बरोबर त्याच्या आईपाशी सोडलं. एकालाही ढुशी बसली नाही.

"दिसतंय! आये, बघ की, हिला दिसतंय!" बिभीषणानं मोबाईल काढून नंबर लावला. "दुसऱ्या सुईचं आत्ताच कळवतो त्यास्नी."

सुई म्हणताच संस्कृती कोकरू छातीशी धरून मटकन खाली बसली.

बिभीषणाची आई गोजाबाई चुलीपासून उठून आली. "आरं शान्या, ल्हानपणी अंधारात कोकरं लावायचास, ती काय डोळ्यानं व्हय रं? कान चाचपून, वरडणं ऐकून लावायचास. तुला मीच शिकीवलं, आन् हिलाबी मीच."

बिभीषण पोरीपुढं उकिडवा बसला. "खरं सांग. दिसतंय का?"

"न्हाय, आप्पा."

"मग इतकं दिस व्हय व्हय का म्हणलीस?"

"तुमी लई हसत व्हता."

"माझं तोंडबी दिसत न्हाय?"

"आठवतंय की. काळ्याभोर मिशा हायत तुमच्या."

बिभीषणाचा हात मिशीकडं गेला. ती याच धावपळीत पांढरी झाली होती. पोरीनं आठवणीत जपून ठेवलेल्या त्या तरण्याताठ्या माणसाचा त्याला जरा वेळ धाकच वाटला.

हातातला फोन लागला होता. पलीकडून तिकडच्या दवाखान्यातली एक बाई गोड हिंदीत विचारत होती, काही फरक पडला का?

"न्हाय पडला," तो म्हणाला. "येत न्हाय आमी."

मग पोरीला म्हणाला, "ऊठ. सुई न्हाय आता."

"खरंच?" संस्कृतीनं विचारलं. ती उठली नाही.

"खरंच."

"आप्पा, खरं सांगा. न्हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सोलापूर येईपर्यंत रिक्षाच्या मागच्या सीटवरून ती तेच विचारत राहिली. प्रत्येक वेळी बिभीषण न्हाय म्हणाला, आणि प्रत्येक वेळी मागून प्रश्न पुन्हा आला.