आबांचा चार पायांवरचा कान

आबांशी बोलायचं तर त्यांच्या समोर जाऊन उभं राहावं लागे. मागून मारलेली हाक वाया जाई. समोर आलात की ते स्वतःच्या ओठांवर बोट टेकवून म्हणत, "तोंड दखाडीसन बोल." तोंड दाखवून बोल.

सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीसारख्या कुठल्याही गल्लीत अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आयुष्य काढलेल्या माणसाचे कान आधी निवृत्त होतात. हातपाय मात्र कामावरच राहतात. मागांच्या खडखडाटात कारागीर एकमेकांचे ओठ वाचून गप्पा मारतात. अमळनेरकडून आलेल्या आबांना ती सवय पुढे खात्याबाहेरही लागली.

दसऱ्याला शेठ मागांची पूजा करून भाषण करत. आपण सगळे एक कुटुंब आहोत, हा त्यातला ठरलेला मुद्दा. शेठच्या झुपकेदार मिशांमुळे आबांना त्यातलं अक्षरही कळत नसे, पण ते पहिल्या रांगेत बसून अगदी योग्य जागी टाळ्या वाजवत. त्याच खात्यात मी कारकुनी करायचो. एकदा त्यांना विचारलं, हे जमतं कसं?

"तो दम लेस तवय मी टाळी वाजाडस," आबा म्हणाले. शेठच्या भाषणाची इतकी नेमकी समज दुसऱ्या कोणाला असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

रंग्या त्यांना रंगाईच्या कारखान्यामागच्या नाल्यात सापडला. गाळात रुतलेला, एक कान फाटलेला, चारही पाय गुलाबी झालेले. आबांनी त्याला ओढून बाहेर काढला. पायांचा रंग महिनाभर गेला नाही. खात्यातलं एकही कापड इतकं पक्क्या रंगाचं नव्हतं. लोक म्हणाले, पाळायचंच तर पिल्लू पाळा, हा म्हातारा कितीसे दिवस काढणार? आबा म्हणाले, "मी तरी कितला दिनना शे?"

हा माणूस ऐकत नाही, हे रंग्याला आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं. सुरुवातीला तो आबांवर भुंकला, मग त्याने तो नाद सोडला. काही हवं असलं की तो पुढचा पंजा आबांच्या पावलावर ठेवायचा. दाराशी कोणी आलं तरी पंजा, दूध उतू गेलं तरी पंजा. "मना कान चार पायवर चालस," आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. काही वर्षं त्या दोघांचं उत्तम चाललं.

तो दिवस वीजबंदीचा होता. खाती बंद होती, आणि गल्ली इतकी शांत की चार घरांपलीकडची कुकरची शिट्टी ऐकू यावी. आबा रातपाळी करून सकाळी आले होते. रंग्याला दूध पाजून ते झोपले. आमची जेवणं उरकत असताना रंग्याचं कण्हणं सुरू झालं.

ते सगळ्या गल्लीने ऐकलं. मी पेपर वाचत होतो. आबा घरातच आहेत, कुत्रं त्यांचं आहे, बघतील ते, असं प्रत्येकाच्या मनात आलं. आबांना ऐकू येत नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या दुपारी ते एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शेजारची सुमन तेवढी उठली. आबा तिच्या सासऱ्यांच्या गावचे, म्हणजे सासरेच. त्यांच्यासमोर ती तोंडापुढे पदर धरूनच बोले. आत म्हातारा माणूस एकटा झोपलेला, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच, पदराआडून तिने दोनदा हाक मारली, "आबा, रंग्या रडी राहिना." रंग्या रडतोय. मग मर्यादा सांभाळून ती घरी परतली.

आबा चहाच्या वेळेला उठले. रंग्या खाटेखाली पडला होता. पोट टम्म फुगलेलं, मागचे पाय लुळे. आबांचं पाऊल वर खाटेवर होतं. तिथवर त्याचा पंजा पोचला नव्हता. या घरात हाक मारून उपयोग नाही हे पुरतं कळलेला तो कुत्रा दुपारभर हाका मारत राहिला होता.

भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, घेऊन आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पोटाला पीळ पडलाय, डॉक्टर म्हणाले, आणि पुढे, "बपोरे लाव्या होत तो कंईक थात." दुपारी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मी ते सांगणार नव्हतो, पण आबांना ओठांवरची गुजरातीही वाचता येत होती.

त्यांनी चप्पल काढली, फरशीवर बसले आणि आपलं पाऊल रंग्याच्या पंजाखाली सरकवलं. डॉक्टरांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. या वेळी आबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. शेवटचं इंजेक्शन तसंच द्यावं लागलं.

खाडीच्या काठाला खड्डा खणला, मीठ घातलं, माती लोटली. परत आल्यावर आबा गल्लीत एकेकासमोर उभे राहून विचारू लागले, "तो रडना का?" तो रडला का?

मी म्हणालो, नाही. माझ्या बायकोनेही मान हलवली. गणपती मंडळाचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "मुक्या जनावराचं मरण शांत असतं, आबा." या गृहस्थांना शोकसभेसाठी दोनच माणसं पुरतात. आबांनी सगळ्यांचे ओठ नीट पाहिले आणि शेवटी ते सुमनच्या दारापाशी थांबले.

"पोरी, तो रडना का?"

सुमनने आमच्याकडे पाहिलं. मग सासऱ्यासमोर जे तिने कधी केलं नव्हतं ते केलं. तोंडापुढचा पदर खाली घेतला.

"रडना, आबा. बठ्ठी दुपार रडना. मी दारमातून हाक मारी. आत नही उनू." सगळी दुपार रडला, आणि मी आत आले नाही.

आबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. ते हलायचे थांबले तरी बघत राहिले.

"मंग बरं व्हयनं," ते म्हणाले. "कोन्ही तरी ऐकं त्यानं." कोणीतरी ऐकलं त्याचं.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं. ते घरात गेले आणि आतून कडी लावली. आम्ही बराच वेळ बाहेर उभे होतो. दार वाजवून काही उपयोग नव्हता.