मंडईतला वारा

मंडईच्या दगडी इमारतीत भाजीवाले उंच गाळ्यांवर बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं राहतं. तिथल्या कोथिंबीरवाल्या मावशी मला तीन वर्षं अशा वरूनच बघत आल्या आहेत. त्यांनी कधी माझं नाव विचारलं नाही. जुन्या इमारती वाचवायची पत्रकं वाटत फिरतो, म्हणून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाले'. मी जुडी निवडायला लागलो की त्या म्हणतात, "सगळ्या सारख्याच आहेत. लग्न नाही जमवायचंय."

छपराखालच्या लाकडी झडपा काढून तिथे काचा बसवायचा घाट महापालिकेने घातला, तेव्हा मी तावातावाने पत्रक लिहिलं: ही सुंदर नक्षी वाचवा! सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. मावशींनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"नक्षी? मग काढतीलच की. वर या, बसा इथे. मी चहा पिऊन येते."

एप्रिलची दुपार होती, बाहेर चौक नुसता भाजत होता. मी अर्धा तास गाळ्यावर बसलो. गरम हवा झडपांतून निघून जात होती, खालून झुळूक येत होती आणि कोथिंबीर ताजी होती. इंग्रजी अमदानीत कुणा सुतारांनी केलेली ही सोय मी शोभा समजलो होतो! मी तिथेच बसून पत्रक नव्याने लिहिलं: काचा लावल्यात तर इथे दुपारी भाजी टिकणार नाही, आणि माणसंही.

सुनावणीत साहेबांनी तेच वाक्य दोनदा वाचायला लावलं. झडपा राहिल्या.

मी धावतच मंडईत गेलो. "मावशी, हे तुमच्यामुळे झालं!"

"बरं," म्हणत त्या खाली उतरल्या. "बसा वर. माझा चहा राहिलाय."